या चुका टाळा: लायपोसोम दिलेल्या पेशींचं प्रोटीन प्रोफाइल

एंडोमेट्रियमच्या (गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या) कर्करोगपेशींना लायपोसोम, म्हणजे औषध भरायचे लिपिडचे (स्निग्ध पदार्थाचे) सूक्ष्म गोळे, द्यायचे, 24 तासांनी पेशी फोडायच्या आणि कुठलं प्रोटीन वाढलं, कुठलं घटलं ते बघायचं. ऐकायला सोपं. दरवर्षी नवी पोरं येतात आणि त्याच खड्ड्यात पडतात.

पहिला खड्डा आपल्या उन्हाचा. आमचा एक पीएचडीवाला, गाव परभणी, महिना मे. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं नारिंगी औषध भरलेले, डीपीपीसी या लिपिडचे लायपोसोम त्याने पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मागवले. गाडी सकाळी सातला आली, साहेब जेवण उरकून दुपारी एकला गेले. थर्माकोलच्या डब्यात बर्फाचं कोमट पाणी, बाहेर 43 अंश. डीपीपीसीचा पडदा 41 अंशांच्या आसपास सैल पडतो आणि आतलं औषध पाझरायला लागतं. त्यात याची हुशारी. "मॅडम, आल्या आल्या गार केलं," म्हणत त्याने कुप्या उणे 20 मध्ये टाकल्या. साखरेसारखं काही संरक्षण न घालता गोठवलं, की बर्फाचे स्फटिक उरलेसुरले गोळेही फोडतात.

मग दोन महिने काम चाललं, मास स्पेकची (प्रोटीनं ओळखणाऱ्या यंत्राची) पाळी वापरून झाली आणि निष्कर्ष निघाला: लायपोसोममधल्या औषधाचं प्रोफाइल मोकळ्या औषधासारखंच दिसतं. दिसणारच की! उरलेली कुपी सेफाडेक्सच्या (आकारानुसार कण वेगळे करणाऱ्या जेलच्या) छोट्या कॉलममधून सोडली. लायपोसोम आधी उतरतात, मोकळं औषध मागे रेंगाळतं. नारिंगी पट्टा जवळजवळ सगळा मागेच. तेव्हापासून पेशींवर टाकायच्या दिवशी सकाळी मी प्रत्येक कुपीतलं थोडं कॉलममधून सोडून बघते. अर्धा तास जातो. तेवढाही धीर नसेल तर त्या दिवशी पेशींचं नुसतं मीडियम (पोषकद्रव) बदला आणि चहाला जा. आणि मेमध्ये पार्सल घ्यायला गाडी येण्याआधी स्टँडवर हजर राहा, डोक्याला रुमाल बांधून.

माझा दुसरा राग बीसीएच्या (रंगावरून प्रोटीन मोजणाऱ्या चाचणीच्या) आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्यांवर. नमुन्यात लिपिड राहिलं की जांभळा रंग गडद येतो, आकडा फुगतो. त्या आकड्यावरून 20 मायक्रोग्रॅम मोजून जेलमध्ये घातलं, की खरं प्रोटीन कमीच पडतं. एक पोरगी ब्लॉट (जेलवरच्या प्रोटीनच्या पट्ट्यांचा ठसा) घेऊन पळत आली, "मॅडम, सगळी प्रोटीनं खाली आली!" म्हटलं, ॲक्टिन दाखव, ते सगळ्या नमुन्यांत साधारण सारखंच असायला हवं. 42 किलोडाल्टनची ती पट्टीही तितकीच फिकट. बाईचा चेहरा त्याहून.

पेशी गार पीबीएसने (खारट बफरने) तीनदा धुवा, फोडा, मग मिथेनॉल-क्लोरोफॉर्मने प्रोटीन वेगळं करा. लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये जातं आणि प्रोटीनची पांढरी चकती दोन थरांच्या मधे बसते. वरचं पाणी काढताना ती चकतीच पिपेटने ओढून सिंकमध्ये सोडणारा महाभाग दरवर्षी एक तरी निघतो. मी वरचं थोडं पाणी मुद्दाम राहू देते.

रिकाम्या लायपोसोमचा कंट्रोल नसेल तर बदल औषधाने झाला की लिपिडने, देव जाणे. मीडियममधलं सीरम नीट धुतलं नाही तर यादीत सगळ्यात वर गाईचं अल्ब्युमिन. हातमोज्यांशिवाय जेल कापलं तर यादीतलं कातडीचं प्रोटीन केराटिन तुमचंच. एका फ्लास्कचे तीन वाटे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. आणि इशिकावा या एंडोमेट्रियमच्या कर्करोगपेशींत "लायपोसोममुळे पीटेन गायब" असं लिहून माझ्याकडे आणू नका. पीटेन हे गाठ रोखणारं प्रोटीन त्या पेशींत मुळातच नसतं. पीटेनच बघायचं असेल तर एचईसी-1ए या पेशी घ्या.