कंपायलरला कीवर्ड कळतो का? पोर्टेबल सी लिहिताना या चुका टाळा

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कंट्रोलरसाठी आणि जळगावच्या कार्यालयातील लिनक्स संगणकासाठी एकच सी कोड वापरायचा ठरला, की पहिली अडचण ‘इनलाइन’ (फंक्शनचा कोड वापरल्या जागीच घालण्याची सूचना) आणि ‘रिस्ट्रिक्ट’ (त्या पॉइंटरच्या डेटाला दुसरा पॉइंटर हात लावत नाही, अशी हमी) या कीवर्डांची, म्हणजे भाषेने राखून ठेवलेल्या शब्दांची, येते. हे दोन्ही शब्द सी भाषेच्या १९९९ च्या मानकात आले आणि छोट्या चिपांचे काही जुने कंपायलर (कोडाचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे प्रोग्रॅम) अजून १९८९ च्याच मानकावर चालतात.

‘#इफडेफ इनलाइन’ (‘इनलाइन’ नावाचा मॅक्रो आहे का?) अशी अट लिहून मोकळे होणे ही सर्रास होणारी चूक आहे. कंपाइल होण्याआधी कोडावर फिरणाऱ्या प्रीप्रोसेसरला मॅक्रोच, म्हणजे ‘#डिफाइन’सारख्यांनी व्याख्या केलेली नावेच, तेवढी कळतात, कीवर्ड नाहीत. त्यामुळे ही अट चांगल्या कंपायलरवरही खोटी ठरते, आणि खाली ‘इनलाइन’ची रिकामी व्याख्या केलेली असेल तर तो शब्द सगळीकडून पुसला जातो. प्रोग्रॅम चालतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही; फार तर हेडरमधील (अनेक फाइलींत समाविष्ट होणाऱ्या सामायिक फाइलीतील) स्टॅटिक फंक्शने वापरलीच नसल्याचे इशारे दिसू लागतात.

मानकाची आवृत्ती सांगणारा ‘__एसटीडीसी_व्हर्जन__’ हा मॅक्रो १९९९०१एल किंवा त्याहून मोठा असेल तर त्यावर सहसा विसंबता येते, मात्र तो नसणे म्हणजे कीवर्ड नसणे नव्हे. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीसीसी या कंपायलरच्या ५ व्या आवृत्तीपूर्वी मूळ सेटिंगमध्ये हा मॅक्रो नसे, तरी ‘इनलाइन’ चालत असे.

म्हणून खरा उपाय म्हणजे छोटी फाइल कंपाइल करून पाहणे, आणि मी स्वतः फसलो तो नेमका तिथेच. माझ्या चाचणीत ‘इंट एफ(इंट *रिस्ट्रिक्ट);’ एवढीच ओळ होती. जुन्या कंपायलरने ‘रिस्ट्रिक्ट’ हे पॅरामीटरचे नाव समजून ती बिनतक्रार स्वीकारली, चाचणीने ‘होय’ सांगितले, आणि खरा कोड मात्र पहिल्याच फाइलमध्ये सिंटॅक्स एररवर अडला. अर्धा दिवस मी दोष लायब्ररीत शोधत बसलो. ‘इंट एफ(इंट *रिस्ट्रिक्ट पी);’ असे लिहिले असते तर लागोपाठ दोन नावे पाहून तो कंपायलर तिथेच थांबला असता. बिल्डआधी कंपायलर तपासणाऱ्या ऑटोकॉन्फ या साधनात ‘एसी_सी_रिस्ट्रिक्ट’ ही तयार चाचणी आहे. ती ‘__रिस्ट्रिक्ट’ यांसारखी पर्यायी रूपेही तपासते, तेव्हा स्वतःची लिहिण्यापेक्षा ती वापरणे बरे.

चाचणी चिपच्याच कंपायलरवर आणि प्रत्यक्ष बिल्डच्याच फ्लॅगांनी (कंपायलरला दिलेल्या पर्यायांनी) घ्यावी. जीसीसीवर बिल्ड ‘-एसटीडी=सी८९’ने (१९८९ चे मानक धरून) आणि चाचणी त्याविना केली, तर ‘इनलाइन’बाबत उत्तर हमखास चुकते.

उलट दिशेचा त्रासही आता सुरू झाला आहे: जीसीसी १५ मूळ सेटिंगमध्ये सी२३ हे नवे मानक धरते, त्यात ‘बूल’ हा कीवर्ड आहे, आणि जुन्या कोडातील ‘टाइपडेफ इंट बूल;’ ही ओळ तिथे एरर देते.

इतरांना द्यायच्या हेडरमध्ये कीवर्डाची पुनर्व्याख्या करू नये, कारण ती वापरणाऱ्याच्या सी++ फाइलमध्येही शिरते. ‘ठिबक_इनलाइन’सारखे स्वतःचे नाव ठेवावे आणि चाचणीचे उत्तर त्याच नावात साठवावे.