बिल्ड-डिप्लॉयमेंट ऑटोमेट करताय? या चुका टाळा

हिंजवडीत पंधरा वर्षं बिल्ड आणि रिलीज सांभाळतोय, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवणं आणि ते सर्व्हरवर चढवणं (डिप्लॉयमेंट). टूल बदलली, चुका त्याच आहेत.

सगळ्यात घातक चूक म्हणजे जेनकिन्सवर (ठरलेली कामं आपोआप चालवणारं टूल) हिरवं दिसलं की काम झालं असं समजणं. आमच्याकडे रात्रीचा बॅकअप एका ओळीत होता: पीजी-डम्पचं (डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) आउटपुट पाइपने थेट जीझिपला (डेटा आवळून लहान करणारी कमांड), तिथून फाइलमध्ये. रोज हिरवं. एका सोमवारी कोणीतरी चुकून प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सिस्टिमवर, डिलीट चालवलं. बॅकअप उघडायला गेलो तर फाइल 20 बाइटची. आदल्या दिवशीचीही 20 बाइटची. रिकाम्या इनपुटची जीझिप फाइल एवढीच भरते. तीन आठवड्यांपूर्वी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, स्क्रिप्टमधला कोणी बदलला नव्हता. डम्प रोज फेल होत होता, पण बॅश (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) पाइपलाइनचा निकाल शेवटच्या कमांडवरून धरतं, आणि जीझिप बिनचूक चाललं होतं. ग्राहकांना गेलेल्या ईमेल शोधून तीन आठवड्यांच्या ऑर्डर्स हाताने भरल्या. गुरुवार उजाडला.

31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचंही असंच झालं. पीजी-डम्पच्या व्हर्जनचा डेटाबेसच्या व्हर्जनशी मेळ नव्हता, बॅकअप होतच नव्हते आणि ते कळवणाऱ्या ईमेल कोणापर्यंत पोचत नव्हत्या. सुमारे सहा तासांचा डेटा गेला.

आता माझ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट -ई’ आणि ‘सेट -ओ पाइपफेल’ असतं: पहिल्याने कमांड फेल झाली की स्क्रिप्ट थांबते, दुसऱ्याने पाइपमधली कोणतीही कमांड फेल झाली तर पूर्ण ओळ फेल धरली जाते. फाइल कालच्यापेक्षा निम्म्याहून लहान भरली तर जॉब लाल होतो. महिन्यातून एका शनिवारी बॅकअप रिकाम्या मशीनवर रिस्टोअर करून बघतो. रिस्टोअर करून न पाहिलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही.

क्रॉन (ठरलेल्या वेळी जॉब चालवणारी सोय) लावताना सर्व्हरचं घड्याळ बघा. ते यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर रात्री 2 चा जॉब आपल्याकडे सकाळी साडेसातला चालतो.

पासवर्ड गिटमध्ये (कोडमधले सगळे बदल जपून ठेवणारं टूल) गेला? फाइल डिलीट करून भागत नाही, तो हिस्टरीत राहतो. आधी पासवर्ड बदला.

टेस्ट पडली की आपोआप तीनदा चालवायची, हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. तिसऱ्यांदा पास झालेली टेस्ट कोडमधला खरा दोष झाकून ठेवू शकते.

आणि घाई. नवीन मुलं पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या प्रोजेक्टची यामल फाइल (ऑटोमेशनच्या पायऱ्या लिहिलेली फाइल) उचलतात, नावं बदलतात आणि “सर, ऑटोमेट झालं” म्हणतात. नेमकं काय ऑटोमेट झालं, ते सांगता येत नाही. म्हणून माझ्या टीममध्ये पहिली दहा डिप्लॉयमेंट हाताने करायची आणि प्रत्येक पायरी वहीत लिहायची. कंटाळवाणं आहे, पण मी सूट देत नाही. गेल्या वर्षी एका मुलीने वही दाखवून विचारलं, “सर, सातव्या पायरीला आपण ही फाइल कॉपी करतो, पण ती वाचतं कोण?” शोधलं. ती वाचणारी सर्व्हिस कधीच बंद झाली होती. ती पायरी स्क्रिप्टमध्ये घालायची वेळच आली नाही.