कायटोसॅन-हायड्रॉक्सीॲपेटाइट स्कॅफोल्ड प्रयोगशाळेत तयार करण्याची पद्धत

अपघातात किंवा गाठ काढल्यावर हाडात मोठी पोकळी राहिली, तर ती आपोआप भरून येत नाही. कूर्चेत तर रक्तवाहिन्याच नसल्याने लहान इजाही बरी होणे कठीण असते. अशा ठिकाणी पेशींना धरून वाढता यावे आणि नवी ऊती तयार होत असताना हळूहळू विघटित व्हावे, असा सच्छिद्र आधार म्हणजे स्कॅफोल्ड. पुढील पद्धत प्रयोगशाळेतील अभ्यासापुरती आहे, रोपणासाठी नाही.

कायटोसॅन कोळंबी-खेकड्यांच्या कवचातील कायटिनपासून मिळते. कोकणात कोळंबीच्या टरफलांना तोटा नाही, पण त्यांतील प्रथिने व कॅल्शियम काढून पुढे तीव्र अल्कलीची प्रक्रिया करणे हा स्वतंत्र उद्योग आहे. म्हणून तयार पावडर घ्यावी. 1 टक्का ॲसेटिक आम्लाच्या 100 मिलिलिटर द्रावणात 2 ग्रॅम कायटोसॅन मॅग्नेटिक स्टररवर रात्रभर ढवळावे व न विरघळलेले कण गाळून टाकावेत. हायड्रॉक्सीॲपेटाइट (हाडातील मुख्य खनिजासारखे कॅल्शियम फॉस्फेट, 2 ग्रॅम) थोड्या पाण्यात अल्ट्रासाउंडने विखुरून शेवटी मिसळावे, कारण ते आम्लात थोडे थोडे विरघळते. मिश्रणातील बुडबुडे निर्वात पंपाने काढावेत.

आता गोठवणे. नवशिके सारे लक्ष फ्रीझ ड्रायरकडे (गोठलेल्या नमुन्यातील बर्फ निर्वातात थेट वाफ करून काढणाऱ्या यंत्राकडे) देतात. प्रत्यक्षात छिद्रांचे रूप त्याआधीच, फ्रीझरमध्ये ठरून गेलेले असते. पाण्याचे स्फटिक जेथे वाढतात तेथेच पुढे छिद्रे उरतात, त्यामुळे उणे 20 अंशांवर सावकाश गोठवल्यास छिद्रे मोठी, तर उणे 80 अंशांवर झपाट्याने गोठवल्यास लहान येतात. हाडासाठी किमान 100 मायक्रोमीटरची आणि रक्तवाहिन्या आत शिरण्यासाठी 300 मायक्रोमीटरहून मोठी, एकमेकांना जोडलेली छिद्रे योग्य मानली जातात. म्हणून येथे सावकाश गोठवणेच बरे. साचा थंड धातूच्या पट्टीवर ठेवल्यास स्फटिक तळाकडून वर वाढतात आणि छिद्रेही बरीचशी उभी येतात. प्रत्येक वेळी फ्रीझरचा तोच कप्पा वापरावा, नाहीतर दोन खेपांची तुलना व्यर्थ ठरते.

गोठलेले नमुने वितळू न देता फ्रीझ ड्रायरमध्ये 24 ते 48 तास सुकवावेत. सुकलेल्या नमुन्यात आम्ल अडकलेले असते आणि तो तसाच पाण्यात टाकला तर फुगून विरघळू लागतो. त्यासाठी इथेनॉल व पाण्याच्या मिश्रणात केलेल्या सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तो बुडवावा, धुतलेल्या पाण्याचा पीएच उदासीन होईपर्यंत ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावा आणि पुन्हा गोठवून सुकवावा. वरची दाट साय पात्याने कापून टाकावी, कारण ती पेशींची वाट अडवते.

कूर्चेसाठी हायड्रॉक्सीॲपेटाइट वगळून जिलेटिन मिसळतात आणि जेनिपिन या वनस्पतिजन्य रसायनाने रेणूंच्या साखळ्यांत जोडबंध घालतात; नमुना निळा पडला की प्रक्रिया झाल्याचे डोळ्यांनाच दिसते. जोडबंधांसाठीच वापरले जाणारे ग्लुटाराल्डिहाइड स्वस्त आहे, पण त्याचा उरलेला अंश पेशींना मारक असल्याने माझा कल जेनिपिनकडेच राहील.

पेशी सोडण्यापूर्वी नमुने 70 टक्के इथेनॉलमध्ये बुडवून निर्जंतुक फॉस्फेट बफरने अनेकदा धुवावेत. ऑटोक्लेव्ह टाळावा, कारण ओल्या उष्णतेने छिद्रांची रचना बिघडते. त्यानंतर आयएसओ 10993-5 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पेशींवरील विषाक्ततेची चाचणी करावी.