ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी या चुका टाळा

बारावीचे निकाल लागले, इंजिनिअरिंगचे प्रवेश मार्गी लागले की माझा फोन वाजायला लागतो. दसरा-दिवाळीला पुन्हा तेच. प्रश्न ठरलेला: "काका, तीस हजारांत कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ?" मी विचारतो, मॉनिटर कोणता आहे? पलीकडे शांतता. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, किती वॉटचा? "तो कॅबिनेटबरोबरच येतोय." गेम कुठले खेळतोस? "सगळेच." एवढ्या माहितीवर कुणालाही कार्ड सुचवता येणार नाही. तरी पुढच्या आठवड्यात कार्ड घरी आलेलं असतं, कारण कुठल्याशा व्हिडिओत त्याला सगळ्यांत भारी म्हटलेलं असतं.

पुण्यात ओळखीपाळखीच्यांना पीसी जोडून देताना ज्या चुका मला पुन्हा पुन्हा निस्तराव्या लागतात, त्या इथे लिहितोय. दोन चुकांवर जास्त लिहिलंय, कारण खरे पैसे तिथेच बुडतात.

नाव एक, कार्डं दोन

खोक्यावरचं नाव वाचून कार्ड घेऊ नका. एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकण्याची खोड या धंद्यात जुनी आहे. एनव्हिडिया कंपनीच्या जीटीएक्स १०६० चं ६ जीबीचं कार्ड होतं आणि ३ जीबीचंही. फरक फक्त मेमरीचा असावा असं कुणालाही वाटेल, पण ३ जीबीवाल्यात कोअरही (चिपमधले हिशेब करणारे भाग) कमी होते: १२८० च्या जागी ११५२. आरटीएक्स ३०५० चं तेच. २०२२ साली आलेल्या ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर आणि १२८ बिटचा बस (चिप आणि मेमरीमधला रस्ता), तर २०२४ साली आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ९६ बिटचा बस. नाव मात्र ३०५० च. जीटी १०३० ची तर जीडीडीआर५ मेमरी काढून साधी डीडीआर४ घातलेली आवृत्ती आली, आणि तिचा वेग इतका पडला की नाव तेच ठेवणं ही मला सरळसरळ फसवणूक वाटते.

२०२५ मध्येही हे थांबलेलं नाही. आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडी कंपनीचं आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन मेमरींत मिळतात. इथे दोन्हींतली चिप सारखी आहे, म्हणून दुकानदार सांगतो, "सेमच आहे, उगाच जास्त पैसे कशाला घालवताय?" हलक्या गेममध्ये सेम आहेच. पण अलीकडचा एखादा मोठा गेम टेक्स्चर (भिंती-जमिनीवरची चित्रं) अल्ट्रावर, म्हणजे सगळ्यांत वरच्या सेटिंगवर, ठेवून चालवा. मेमरी भरली की कार्ड उरलेला माल पीसीआय एक्सप्रेसमधून (कार्ड आणि मदरबोर्डमधला रस्ता) साध्या रॅमकडे ढकलतं, आणि तो रस्ता कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा कितीतरी हळू आहे. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ठीक दिसतात, पण मान वळवली की गेम अडखळतो, भिंतींवरची चित्रं धूसर राहतात आणि मग एकदम स्पष्ट होतात. अशी तक्रार आली की मी आधी टेक्स्चर एक पायरी खाली आणायला सांगतो. अडखळणं थांबलं तर दोष ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) नाही, मेमरी अपुरी आहे. त्यावर विंडोज पुन्हा टाकून काहीही होत नाही. तरी मुलं आधी विंडोजच टाकतात, कारण ते करायला विचार करावा लागत नाही.

उलटी चूकही तितकीच होते. "चार जीबीचं कार्ड आहे" म्हणून जीटी ७३० गळ्यात मारलं जातं. ही चिप २०१४ ची आहे. तिला ४ जीबी डीडीआर३ जोडली काय आणि १६ जोडली काय, आजचा गेम ती ओढणार नाही. आधी चिप बघायची, मग मेमरी.

माझी सवय सांगतो. कोटेशनवर दुकानदाराकडून पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्यायचा, नुसतं ‘५०६० टीआय’ नाही. तो नंबर घरी येऊन कंपनीच्या वेबसाइटवर टाकायचा; मेमरी, लांबी, पॉवर कनेक्टर सगळं तिथे असतं. दुसऱ्या दिवशी जाऊन घ्यायचं. एका रात्रीत कार्ड कुठे पळून जात नाही. "आजच घ्या, उद्या स्टॉक नाही" म्हणणाऱ्याकडून मी घेत नाही.

एसएमपीएसवर वाचवलेले पैसे

ही माझ्या मते सगळ्यांत महागडी चूक.

सिंहगड रोडला माझा आतेभाऊ राहतो, माझ्याहून मोठा. त्याच्या मुलासाठी त्यांनी दुकानातूनच जोडलेला पीसी आणला: आय५ १२४००एफ प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०७० कार्ड. आठवडाभरात तक्रार सुरू झाली. डेस्कटॉपवर काही नाही, सिनेमा बघताना काही नाही, पण गेममध्ये मोठा स्फोट झाला किंवा नकाशा बदलला की स्क्रीन काळी आणि मशीन रीस्टार्ट. मुलाने ड्रायव्हर बदलला, विंडोज टाकलं, रॅमची जागा बदलली. शेवटी कार्ड सर्व्हिस सेंटरला गेलं. बरेच दिवस तिथे राहून ‘दोष आढळला नाही’ या शेऱ्यासह परत आलं. त्यात सर्व्हिस सेंटरची चूक नव्हती, कार्ड खरोखरच चांगलं होतं. घरात मात्र वाद पेटलेला. दादाचं म्हणणं, एवढे पैसे घालून बिघडलेली वस्तू आणली, मुलगा रडकुंडीला.

मी गेलो आणि आधी कॅबिनेटची बाजूची पट्टी काढली. कार्डाला ८ पिनचे दोन कनेक्टर होते आणि एसएमपीएसला तशी एकही वायर नव्हती. दुकानात मोलेक्सच्या (जुन्या पद्धतीच्या ४ पिनच्या) वायरींना जोड लावून ते दोन्ही भरले होते. एका जोडाचं पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं. मग लेबल वाचलं. वर ठळक अक्षरांत ५०० वॉट, आणि खालच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर २५ अँपिअर. बारा गुणिले पंचवीस म्हणजे ३००. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघेही आपली वीज मुख्यतः १२ व्होल्टवरूनच घेतात. ३०७० ची गरज २२० वॉट, १२४००एफ पूर्ण जोरात ११७ पर्यंत जातो. दोघांचेच ३३७ झाले. शिवाय ३००० मालिकेची कार्डं क्षणभरासाठी ठरलेल्या आकड्याच्या बरीच वर उसळी मारतात. त्या क्षणी एसएमपीएस कोलमडत होता.

"अरे, पण लेबलवर पाचशे लिहिलंय की!" दादा म्हणाला.

"दादा, तो आकडा सगळ्या व्होल्टेजची बेरीज आहे. कार्डाला त्यातलं बाराचंच चालतं."

माझ्याकडचा ६५० वॉटचा एसएमपीएस लावला. ८ पिनच्या दोन स्वतंत्र वायरी ओढल्या. मुलगा रात्री उशिरापर्यंत खेळला, मशीन एकदाही बंद पडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तशाच दर्जाचा नवीन घेतला. महिनाभराचा मनस्ताप, दोन वेळा विंडोज आणि बापलेकांची भांडणं, हे सगळं त्या एका डब्यावर वाचवलेल्या पैशांपायी झालं. आणि ते पिवळं पडलेलं प्लॅस्टिक आणखी काही महिने तसंच राहिलं असतं तर मला त्या घराची काळजी वाटली असती.

म्हणून एसएमपीएस घेताना मोठ्या आकड्याकडे पाहूच नका. १२ व्होल्टचे अँपिअर बघा, बाराने गुणा. कार्ड बनवणाऱ्या कंपनीने किती वॉटचा एसएमपीएस सुचवलाय ते वेबसाइटवर असतं: आरटीएक्स ४०६० ला ५५०, ५०७० ला ६५०. त्याच्या खाली जाऊ नका. ‘८० प्लस’चा शिक्का म्हणजे वीज किती वाया जात नाही याचं माप. संरक्षण किती चांगलं आहे, ते त्यातून कळत नाही. मी वॉरंटीची वर्षं बघतो. स्वतःच्या मालाला पाच-सात वर्षं बांधील राहणाऱ्या कंपनीचाच घेतो. ८ पिनचा एक कनेक्टर १५० वॉटसाठी असतो, मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ मिळतात. कार्डाला दोन कनेक्टर असतील तर एकाच वायरीची दोन टोकं वापरण्याऐवजी दोन वेगळ्या वायरी लावा. मोलेक्सचे जोड माझ्या दृष्टीने कचऱ्यातच.

आपल्याकडे आणखी एक भर पडते. गुरुवारी महावितरणची दुरुस्ती, पावसाळ्यात केव्हाही गेलेली लाइट, म्हणून लोक ६०० व्हीएचा यूपीएस लावून निश्चिंत होतात. तो साधारण ३६० वॉटच देतो. गेम चालू असताना लाइट गेली की तोही बंद आणि पीसीही बंद. गेमिंग पीसीला मोठा यूपीएस घ्या. आणि भाड्याच्या खोलीत राहत असाल तर सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

मॉनिटर आधी, कार्ड नंतर

१०८० पीच्या पडद्यावर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, १४४० पीवर ३७ लाख, फोर-केवर ८३ लाख. म्हणजे १४४० पीला कार्डाला जवळजवळ पावणेदोनपट काम, फोर-केला चौपट. जुन्या ६० हर्ट्‌झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या) १०८० पी मॉनिटरला ५०७० जोडणाऱ्या मुलाने जे पैसे घातले, त्यातले बरेचसे त्याला कधी दिसणारच नाहीत. फक्त व्हॅलोरंट खेळणाऱ्यांनी तर महागड्या कार्डाचा नाद सोडावा. तो गेम साध्या कार्डावर पळतो आणि त्यात प्रोसेसरचंच महत्त्व जास्त. त्यांनी उरलेल्या पैशांत १४४ किंवा १८० हर्ट्‌झचा मॉनिटर घ्यावा.

‘पुढची पाच वर्षं बघायला नको’ म्हणून ताकदीबाहेरचं कार्ड घेणंही मला पटत नाही. मधलं कार्ड घ्या, तीन वर्षांनी विका, नवीन घ्या.

जाहिरातीतले एफपीएस

जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने मंचावरून सांगितलं की आरटीएक्स ५०७० मध्ये ४०९० इतका दम आहे. तो हिशेब मल्टी फ्रेम जनरेशन धरून केलेला होता. या तंत्रात गेमने खरोखर तयार केलेल्या दोन फ्रेमच्या मध्ये कार्ड स्वतःहून फ्रेम भरतं. डोळ्यांना चित्र सुळसुळीत दिसतं, पण माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद मूळ फ्रेमच्याच वेगाने येतो. मूळ वेग ६० च्या आसपास असेल तर ते छान वाटतं, २५ असेल तर हात जड झाल्यासारखं वाटतं. कार्डांची तुलना करताना फ्रेम जनरेशन बंद ठेवून केलेलीच चाचणी बघा. एनव्हिडियाच्या डीएलएसएस आणि एएमडीच्या एफएसआरचं अपस्केलिंग (कमी पिक्सेलचं चित्र काढून ते मोठं करणं) वेगळं, ते मी स्वतः आनंदाने वापरतो. आणि प्रोसेसर-कार्डाची नावं टाकली की ‘बॉटलनेक’ (एकामुळे दुसरं किती अडतं) टक्क्यांत सांगणाऱ्या वेबसाइट्सवर वेळ घालवू नका. गेम आणि सेटिंग विचारात न घेता दिलेल्या टक्क्याला अर्थ नाही.

सेकंडहँड घेताना

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणितं सोडवून ते चलन मिळवणं) बंद झालं आणि दिवसरात्र राबवलेली कार्डं बाजारात आली. त्यातली काही अजून हातोहात फिरताहेत. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही, पण पंखे आणि थर्मल पॅड (चिपांची उष्णता बाहेर काढणाऱ्या पट्ट्या) थकलेले असतात. विकणाऱ्याच्या घरी जा, तुमच्यासमोर अर्धा तास गेम चालवायला लावा, जीपीयू-झेड उघडा. १०५० टीआय म्हणून खपवलेली जुनी, बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदललेली कार्डं हे सॉफ्टवेअर ओळखतं. अनोळखी ब्रँडचं आरएक्स ५८० असेल तर कोअर मोजा: खऱ्यात २३०४ असतात, ‘२०४८ एसपी’ म्हणून येणारं प्रत्यक्षात ५७० च्या ताकदीचं असतं. रस्त्यात भेटून, खोकं हातात देऊन पैसे मागणाऱ्याशी व्यवहार करू नका.

कार्ड लावल्यानंतरच्या तक्रारी

डिस्प्ले येत नाही: केबल मदरबोर्डला लावलीय का बघा. नाव ‘एफ’ने संपणाऱ्या इंटेल प्रोसेसरला स्वतःचे ग्राफिक्स नसतात, तिथून काहीच येणार नाही.

१४४ हर्ट्‌झचा मॉनिटर घेऊनही फरक वाटत नाही: विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वरच बसलेला असतो.

कार्ड बसत नाही: कॅबिनेटची लांबी आधी मोजायची होती, आणि पुढे प्रोसेसर थंड ठेवणारा रेडिएटर असेल तर त्याची जाडी वजा करून.

वेग कमी वाटतो: कार्ड खालच्या स्लॉटमध्ये आहे का बघा, वरच्याच स्लॉटला पूर्ण लेन (माहिती ये-जा करण्याच्या पट्ट्या) असतात. आरएक्स ६५०० एक्सटी चारच लेन वापरतं. ते एएमडीच्या ५६००जीसारख्या तिसऱ्या पिढीच्या पीसीआयवर अडकलेल्या प्रोसेसरबरोबर घेऊ नका. इंटेलचं बी५८० घ्यायचं तर बोर्डात रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) आहे आणि चालू आहे, याची खात्री हवी.

एप्रिल-मेमध्ये पंखे ओरडतात: पुण्याचा पारा तेव्हा चाळिशीला टेकतो आणि वरच्या मजल्यावरची खोली संध्याकाळीही निवत नाही. समोर अखंड काच असलेलं कॅबिनेट दिसायला सुंदर, पण त्याला हवा कुठून मिळणार? जाळीचंच घ्या आणि दर दोन-तीन महिन्यांनी धूळ काढा.

१६ पिनचा नवीन कनेक्टर असेल तर तो पूर्ण आत जाईपर्यंत दाबा आणि वायर तोंडापाशीच वाकवू नका. २०२२ मध्ये ४०९० चे कनेक्टर वितळले, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तो नीट बसलेला नव्हता.

शेवटी बिल. १८ टक्के जीएसटी वाचतोय म्हणून कच्च्या पावतीवर कार्ड घेऊ नका. वॉरंटीसाठी गेलात की बिलाची तारीख आणि सिरियल नंबर मागतात. बाहेरून आणलेल्या कार्डाला इथली वॉरंटी बहुधा मिळत नाही, म्हणून दुकानातूनच तो नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा, पैसे द्यायच्या आधी. मग कार्डावरच्या आणि खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो काढा आणि वॉरंटी संपेपर्यंत खोकं माळ्यावर टाका.