गव्हाचा उतारा वाढवायचा तर आधी तारीख अन् पाणी सांभाळा

भाऊ, आपल्या विदर्भात थंडी मोजकीच, फेब्रुवारी अर्धा सरला की ऊन तापायला लागतं, दाणा पूर्ण भरायच्या आधीच ओंबी वाळते अन् गहू चिपटा निघतो. म्हणून पंजाबचे व्हिडिओ पाहून तसा उतारा धरू नका, तिकडची थंडी लांबते.

सोयाबीन निघाली की खोल नांगरटीच्या मागे लागू नका, असलेली ओल उडून जाते, वखराच्या एक-दोन पाळ्या पुरतात. पेरणी १ ते १५ नोव्हेंबरमध्ये उरकवा, पुढे जितके पंधरवडे उशीर तितका एकरी साधारण एकेक क्विंटल कमी धरा. पऱ्हाटी (कापूस) उपटून पेरणारे डिसेंबरात जातात, त्यांनी उशिराचं वाण घ्यावं, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं एकेएडब्ल्यू-४६२७ त्यासाठीच आहे. १५ डिसेंबरनंतर मात्र मी तर म्हणतो गहू राहू द्या, उन्हाळी मूग पाहा. वेळेवर पेरत असाल तर एमएसीएस-६२२२ चांगलं, लोक-१ चा दाणा ठळक असतो पण वाण जुनं, तांबेरा रोग लवकर पकडतो.

बियाणं एकरी ४० ते ५० किलो, उशिरा पेरलं तर ५० ते ६०, कारण तेव्हा फुटवे कमी येतात. घरचं बियाणं चालतं, फक्त १०० दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून आधी उगवण पाहा. थायरम हे बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम लावा, मग ॲझोटोबॅक्टर (नत्राचं जिवाणू खत) अन् पीएसबी (स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत) किलोला २५-२५ ग्रॅम चोळून सावलीत सुकवा. तिफनीनं दोन ओळीत २० ते २२ सेंमी ठेवा, बी ५-६ सेंमीपेक्षा खाली जाऊ देऊ नका.

खताचं म्हणाल तर पेरताना एकरी एक बॅग डीएपी, अर्धी बॅग युरिया, तीसेक किलो पोटॅश, अन् पहिल्या पाण्याच्या वेळी एक बॅग युरिया, बस. माती तपासली असेल तर त्या रिपोर्टप्रमाणे कमी-जास्त करा. शेजाऱ्याचा गहू हिरवागार दिसतो म्हणून अजून एक बॅग फेकणारे पाहिलेत, मग पाणी देताना वारा सुटला की सगळा गहू लोळतो.

आता पाणी, सगळ्यात मोठा फरक इथंच पडतो. २१ व्या दिवसाच्या आसपास मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुळं) फुटतात, ते पाणी चुकवू नका, लाइन (वीज) रात्री येवो की पहाटे, थंडीत जागावंच लागतं. पुढची पाणी ४० ते ४५ दिवसांनी कांड्या धरताना, ६० ते ६५ ला फुलोऱ्यात, ८० ते ८५ ला दाण्यात चीक भरताना. विहिरीत तीनच पाण्यांची सोय असेल तर २१, ४२ अन् ६५, दोनच असेल तर २१ अन् ६५, अन् एकच असेल तरच २१ चं सोडून ४०-४२ दिवसांनी द्या. काळ्या भारी वावरात पहिलं पाणी हलकं ठेवा, साचलं की गहू पिवळा पडतो, तुषार संच असेल तर तोच लावा.

चंदनबटवा अन् बाकी रुंद पानाच्या तणासाठी ३० दिवसांच्या आसपास, वावरात ओल असताना, मेटसल्फ्युरॉन मिथाईल (२० टक्के) हे तणनाशक एकरी ८ ग्रॅम फवारतात, गवतवर्गीय तणावर ते चालत नाही, अन् गव्हात हरभरा-मोहरी मिसळून असेल तर हात लावू नका, तेही जळेल.