किटलीच्या बुडावरचा हत्ती

सोलापुरात जुन्या वाड्याची आवराआवर झाली की माळ्यावरच्या ट्रंकेतून कधीकधी इंग्रजी घडणीची चांदी निघते: चहाची किटली, दूधदाणी, मोठे चमचे, कुठल्याशा शर्यतीचा कप. मुंबई-मद्रास लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरला जोडला गेला आणि सोलापूर त्याच मार्गावर आहे. त्यामुळे इथे पुण्या-मुंबईचा माल निघेल तसाच मद्रासचाही निघू शकतो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवावी. इंग्लंडात चांदी सरकारमान्य तपासणीतून जाऊनच विकावी लागे. ब्रिटिश हिंदुस्थानात तशी सक्ती नव्हती. इथल्या पेढीने मारलेला शिक्का म्हणजे त्या पेढीचा शब्द, एवढंच. वस्तू कोणाची ते शिक्का सांगेल, चांदी किती ते धातूलाच विचारावं लागतं.

धुवायला कोमट पाणी, दोन थेंब साबण आणि मऊ ब्रश पुरे. चिंच, राख, रांगोळी किंवा पितळेची पावडर अजिबात नको. दिवाळीच्या दोन-चार घासण्यांत शिक्क्याच्या कडा जातात आणि गेलेली कड परत येत नाही. मग सराफाकडचं दहा पट भिंग घ्यावं आणि मोबाइलचा उजेड बाजूने, जवळजवळ आडवा टाकावा. वरून टाकलेल्या उजेडात सगळं सपाट दिसतं. तरी वाचता येत नसेल, तर शिक्क्यावर बटर पेपर ताणून धरून मऊ पेन्सिल हलकेच फिरवावी.

चमच्याचा शिक्का दांड्याच्या मागे असतो, किटलीचा बुडाला, तबकाचा पाठीवर किंवा काठाजवळ. झाकण काढून त्याची आतली बाजूही पाहावी. झाकणावरची अक्षरं आणि बुडावरची अक्षरं वेगळी निघाली, तर झाकण दुसऱ्याच किटलीचं असू शकतं.

अस्सल विलायती वस्तूवर चालता सिंह (९२.५ टक्के चांदी), शहराची खूण, सालाचं अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरं असतात. लंडनची खूण बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमची जहाजाचा नांगर, शेफील्डची त्या काळी मुकुट, एडिनबराची किल्ला (तिथे त्या काळी चालत्या सिंहाऐवजी थिसलचं काटेरी फूल). १७८४ ते १८९० या काळातल्या बहुतेक वस्तूंवर कर भरल्याची खूण म्हणून राजाचं किंवा राणीचं मस्तकही सापडतं. सालाच्या अक्षराचा तक्ता प्रत्येक शहराचा वेगळा आणि चौकटीचा आकारही बदलता. म्हणून आधी शहर, मग साल.

इथल्या पेढ्यांची तऱ्हा निराळी. कलकत्त्याच्या हॅमिल्टन आणि कंपनीच्या ‘एच अँड को’ अक्षरांशेजारी पुष्कळदा हत्ती असतो, कधी एखादं सुटं अक्षरही. त्या अक्षराला लंडनचा तक्ता लावून साल काढणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक. मद्रासच्या पी. ऑर अँड सन्सचं नाव सहसा सरळ वाचता येतं; देवदेवतांच्या उठावाची ‘स्वामी’ घडण मद्रासकडची. भुजच्या उमरसी मावजी यांची खूण ‘ओ.एम.’. त्यांचं काम म्हणजे बारीक ठिपक्यांच्या जमिनीवर दाट वेलबुट्टी आणि तिच्यात लपलेले प्राणी. ही दोन अक्षरं कोणीही ठोकू शकतो, त्यामुळे काम तसं नसेल तर खुणेला किंमत देऊ नये.

सोलापुरी भांड्यावर आणखी एक घोळ होतो. घरधन्याचं नाव घालायची आपली जुनी रीत आहे आणि इथे ते नाव मराठी, तेलुगू किंवा कन्नड अक्षरांत असू शकतं. ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं किंवा कोरलेलं नाव मालकाचं. एका फटक्यात ठोकलेली, चौकटीत बसलेली अक्षरं घडवणाऱ्याची किंवा विकणाऱ्याची. इष्टलिंगाच्या चांदीच्या डब्यांवर तर बहुधा काहीच खूण नसते, आणि त्यात संशय घेण्यासारखंही काही नाही.

‘ई.पी.एन.एस.’ ही चार अक्षरं चार चौकटींत बसवली की शिक्क्यांसारखीच दिसतात. तो जर्मन सिल्व्हरवरचा, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रधातूवरचा, चांदीचा मुलामा. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते.

नकली शिक्का बहुधा ओतीव असतो: कडा गोलसर, आत बारीक खड्डे. जोडीतल्या दोन्ही वस्तूंवर ओरखडासुद्धा एकाच जागी असेल तर साचा एकच. कधी छोट्या चमच्यावरचा खरा शिक्का कापून मोठ्या भांड्यात झाळून बसवतात. शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडावी. वाफ उडताना झाळीची रेघ दिसते.

घनता घरी काढता येते. चमचा काट्यावर तोलावा. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा आणि चमचा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लटकत धरावा, तळाला टेकू देऊ नये. ६२ ग्रॅमच्या चमच्याला काट्याने ६ ग्रॅम दाखवले तर ६२ला ६ने भागून घनता सुमारे १०.३, म्हणजे ९२.५ टक्के चांदीशी जुळती. ७ ग्रॅमच्या पुढे गेला तर जर्मन सिल्व्हरचा संशय घ्यावा. बुडबुडे चिकटले तर घनता कमी येते, ते आधी बोटाने काढावेत. लाख भरलेल्या मुठी आणि लाकडी दांडे यांना हा हिशेब लागू नाही.

सराफाकडे यंत्रावर तपासायला नेलं, तर कड झिजलेली असेल तिथे तपासायला सांगावं. यंत्राला वरचाच थर दिसतो, त्यामुळे जाड मुलामाही चांदी म्हणून पास होतो. कानस लावायची किंवा तेजाबाचा थेंब टाकायची परवानगी शिक्क्याजवळ देऊ नये. आणि बुडावर कोणी तोळ्यांत वजन खरवडून ठेवलं असेल, तर ११.६६ने गुणून आजच्या वजनाशी ताडावं. भरपूर कमी भरलं तर एखादा भाग गेलेला आहे, जास्त भरलं तर मागाहून काहीतरी जोडलेलं आहे.