इस्तंबूलमध्ये खवय्यांचा ग्रुप जमवून मेयहानेत जेवायला जायचंय? मग हे आधी ठरवा

इस्तंबूलमध्ये कबाब, सिमित (तीळ लावलेला गोल पाव), बालिक एकमेक (पावात घातलेला मासा) वगैरे एकट्याने खाता येतं पण मेयहानेत एकट्याने जाऊ नका. मेयहाने म्हणजे राकी (बडीशेपेसारख्या स्वादाची तुर्की दारू) पीत, छोट्या बशांमधले मेझे चाखत तीन-चार तास गप्पा मारत बसायची जागा. दोघंच गेलात तर चार बशांत पोट भरतं आणि बाकीचे पंधरा पदार्थ नुसते बघून परत यावं लागतं. माझ्या मते सहा जण बेस्ट. आठ-दहाच्या वर गेलात की टेबलाची दोन टोकं दोन वेगळी जेवणं जेवतात, आणि बरेचदा हॉटेलवाले मोठ्या ग्रुपला फिक्स मेन्यू घ्यायला लावतात, जो मला अजिबात आवडत नाही कारण निवडण्यातच तर अर्धी मजा असते.

आम्ही गेलो तेव्हा दोघं पुण्याचे, एक मराठी जोडपं जर्मनीहून आलेलं आणि दोघं आदल्या दिवशी फूड वॉकवर ओळख झालेले. ग्रुप ठरला की लगेच सगळ्यांना तीन प्रश्न टाका: काय खात नाही, पिणार का, आणि साधारण किती खर्च चालेल. हे टेबलावर बसल्यावर विचारलं तर कोणीच खरं बोलत नाही.

व्हेज लोकांनी काळजी करू नये, फक्त नीट सांगायला हवं. 'एत येमियोरुम' म्हणजे मांस खात नाही, पण तिकडे 'एत' म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोक्यात मटण-बीफच येतं, त्यामुळे चिकन आणि मासेही नको (ताऊक, बालिक) हे वेगळं सांगा. आणि पिलाव मागवताना तो मांसाच्या पाण्यात शिजवलाय का ते विचारा. बाकी 'झेतिनयाली' म्हणजे ऑलिव्ह ऑइलमध्ये शिजवून गार वाढलेल्या भाज्या, फावा म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची घट्ट पेस्ट, घट्ट दह्याचा हायदारी, आणि पात्लिजान सालातासी, जे खाल्ल्यावर आमच्यातली एक जण म्हणाली अगं हे तर चुलीवरच्या वांग्याचं भरीत, फक्त फोडणी नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मात्र अवघड जाईल, त्यांना आधीच स्पष्ट कल्पना द्या.

जागा म्हणाल तर बेयोलूमध्ये नेविझादे आणि आस्मालमेस्जित प्रसिद्ध आहेत, पण मी पलीकडच्या, आशियाई किनाऱ्यावरचं काडिकॉय सांगेन. एमिनोनू किंवा काराकॉयहून बोटीने वीसेक मिनिटं, संध्याकाळची बोट घ्या, मागे मशिदींच्या घुमटांवर ऊन उतरत असतं. शेवटची बोट किती वाजता ते जातानाच बघून ठेवा. बॉस्फोरसच्या खालून जाणारी मार्मराय ट्रेन 2013 पासून आहे पण तीही रात्रभर नसते. ज्यांना दारूच्या टेबलावर बसायचंच नाही त्यांच्यासोबत काडिकॉयच्या बाजारातच चिया सोफ्रासी या हॉटेलात जा, अनातोलियाच्या (तुर्कस्तानच्या आशियाई भागाच्या) गावागावातले पदार्थ मिळतात.

शुक्रवार-शनिवार असेल तर दोन-तीन दिवस आधी बुकिंग करा. तुमच्या हॉटेलच्या रिसेप्शनला फोन लावायला सांगा, तुर्कीत दोन मिनिटांत काम होतं. फिक्स मेन्यू की आलाकार्ट (आपण निवडून मागवायचं) हे तेव्हाच विचारून घ्या.

आता ऑर्डर. एकानेच करायची, हे पक्कं. वेटर भला मोठा ट्रे घेऊन येतो, त्यात प्रत्येक गार मेझेची एकेक बशी, तुम्ही फक्त बोट दाखवायचं. तिथे सगळ्यांचे हात एकदम पुढे जातात आणि मिनिटभरात चौदा बशा टेबलावर. सहा जणांना पहिल्या फेरीत सात पुरेत. लाकेर्दा म्हणजे खारवलेला पालामुत मासा नक्की घ्या. मग अर्ध्या तासाने गरम काहीतरी, कालामार (स्क्विड) किंवा आर्नाऊत जिएरी, म्हणजे तळलेल्या कलेजीचे तुकडे, वर कांदा आणि सुमाक (आंबट लाल मसाला). राकीत आधी पाणी घाला, ती दुधासारखी होते, मग बर्फ. न पिणाऱ्यांनी शालगाम मागवून बघा, काळ्या गाजराचं आंबट-खारट पेय.

मासा शेवटी, आणि भूक असेल तरच. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद तशी तिकडे मोठ्या जाळ्यांची मासेमारी 15 एप्रिल ते 31 ऑगस्ट बंद असते, त्यामुळे सप्टेंबरनंतर गेलात तर खरी चैन. लुफेर हा त्यांचा लाडका मासा, इतका की आकारानुसार नावं बदलतात, लहान तो चिनेकोप, मग सारीकानात, मग लुफेर, आणि मोठा तो कोफाना. (मासे आणि दही एकत्र खाऊ नये असं तिथेही जुनी माणसं म्हणतात, हे ऐकून मला आजीची आठवण आली.) मासा वजनावर असेल तर तुमच्यासमोर वजन करून एकूण किंमत लिहून घ्या, मगच हो म्हणा. एका ठिकाणी आम्ही नुसता मासा पसंत केला, भाव विचारला नाही, आणि बिलात बाकी सगळ्या जेवणाएवढी रक्कम त्या एका माशाची होती, खूप वाईट वाटलं कारण त्यातल्या दोघांनी मासा खाल्लाही नव्हता.

म्हणून राकी आणि मासा यांचा हिशोब वेगळा, मेझे सगळ्यांत समान, हे बोटीतच ठरवा. ब्लॉगवरच्या जुन्या किमतींवर जाऊ नका, तिथे लिरामधल्या किमती भराभर वाढतात. 'हेसाप लुत्फेन' म्हटलं की बिल येतं, एकाने कार्डने भरायचं, बाकीच्यांनी तिथल्या तिथे त्याला ट्रान्सफर करायचं, आणि दहा टक्क्यांच्या आसपास टिप कॅशमध्ये, त्यासाठी सुट्या लिरा संध्याकाळीच काढून ठेवा.